देशी एकेरी तेरड्याचं बी, दोन पावसाळे लावून बघितलं

आधी निकालच सांगते म्हणजे ज्यांना घाई आहे त्यांचं काम होईल. बी चांगलं आहे, बिनधास्त घ्या, फक्त पाकिटावर "एकेरी" किंवा "सिंगल" असं लिहिलंय का ते नीट बघा कारण सगळा फरक तिथेच पडतो. पाचपैकी साडेचार स्टार देतेय, अर्धा का कापला ते पुढे येईलच. आणि हे एका हंगामावर लिहीत नाहीये, दोन पावसाळे लावलंय, पहिल्या वर्षी गॅलरीतल्या आठ कुंड्या आणि दुसऱ्या वर्षी त्या कुंड्या अधिक कंपाउंडच्या भिंतीलगतची एक लांब पट्टी, जिथे अर्धा दिवस सावली असते आणि माती अशी की आधी तिथे काही धड यायचंच नाही.

मला फुलं हवी होती हे खरं पण त्याहून जास्त मधमाश्या हव्या होत्या. गॅलरीत आधी नर्सरीतून आणलेली भरगच्च फुलांची रोपं होती, दिसायला एकदम देखणी, पण तासभर समोर बसलं तरी एक माशी फिरकायची नाही, आणि शेजारीच भाजीचा वेल सोडला होता त्याची मादी फुलं नुसती पिवळी पडून गळायची. शेवटी सकाळी उठून ब्रशने पराग लावायची वेळ आली तेव्हा वाटलं की इतकी फुलं असून इथे कोणी येत कसं नाही, काहीतरी चुकतंय. मग वाचायला लागले, विचारायला लागले आणि त्यातून तेरड्यावर येऊन थांबले.

तेरडा सगळ्यांना माहीत असतो त्यामुळे त्याच्याकडे कोणी बघत नाही. भारत आणि म्यानमारच्या भागातलं हे मूळचं झाड, स्वीडिश वनस्पतीशास्त्रज्ञ लिनिअसने १७५३ मध्ये याला जे नाव दिलं त्यातूनच आजचं इम्पेशन्स बाल्समिना आलं, इम्पेशन्स म्हणजे लॅटिनमध्ये उतावळा, बोंडाला हात लागला की फट्कन फुटतं म्हणून. सह्याद्रीत याच्या कुळातल्या कितीतरी जाती अशा आहेत की त्यांना अमुकच उंची लागते, अमुकच ओला कातळ लागतो, त्या घरी आणून वाढवायचा विचारही करू नये, जिथे आहेत तिथेच बघाव्यात. हा तेरडा मात्र त्या सगळ्यांत जुळवून घेणारा, रस्त्याकडेला, बांधावर, कुंडीत, अर्ध्या सावलीत, बऱ्यापैकी उन्हात, कुठेही येतो, फक्त पायाशी ओल पाहिजे. मला हेच हवं होतं, रानातलं असावं पण माझ्यासारख्या नोकरी करणाऱ्या माणसाला झेपावं.

आता पाकिटाबद्दल. साधं कागदी पाकीट आहे, आत छोटी झिपलॉक पिशवी, बाहेर शास्त्रीय नाव छापलेलं आणि हे मला फार महत्त्वाचं वाटलं कारण "बालसम" किंवा नुसतं "इम्पेशन्स" म्हणून जे विकतात त्यात पूर्व आफ्रिकेतलं इम्पेशन्स वॉलेरियाना असू शकतं किंवा न्यू गिनीकडचं, तीही छान झाडं आहेत पण ती देशी नाहीत. ज्याला देशीच लावायचंय त्याने फोटोवर जाऊ नये, नाव वाचावं. ५० बिया लिहिल्या होत्या, मी मोजल्या तर ५८ निघाल्या. बी गोल, गडद तपकिरी, मोहरीसारखं दिसतं, आणि त्याच्यावर कुठलाही गुलाबी-निळा रंग चढवलेला नव्हता. हे मुद्दाम लिहितेय. रंग चढवलेलं बी म्हणजे बहुतेक वेळा औषध लावलेलं बी, त्यात कधी बुरशीनाशक असतं तर कधी कीटकनाशक, आणि निओनिकोटिनॉइड गटातलं कीटकनाशक असेल तर ते झाडाच्या रसातून पार मधात आणि परागात उतरतं. त्यातल्या तीन औषधांवर युरोपियन युनियनने २०१८ मध्ये उघड्या शेतात वापरायला बंदी घातली ती मधमाश्यांसाठीच. तर ज्या माशीला बोलवायला आपण झाड लावतोय तिलाच विष पाजायचं नसेल तर बी साधं, बिनऔषधाचं घ्या. या पाकिटावर तसं स्पष्ट लिहिलेलं आहे, त्याबद्दल कंपनीला पूर्ण मार्क.

पेरणीच्या बाबतीत मात्र पाकिटातला कागद चुकीचा वाटला. अर्धा इंच खोल पेरा म्हणतो. मी दोन ट्रे केले, एकात कागदावर लिहिल्याप्रमाणे अर्धा इंच आणि दुसऱ्यात नुसतं वर टाकून बोटाने दाबलं आणि वरून चाळलेलं गांडूळखत मिठासारखं भुरभुरलं. वर टाकलेलं सहाव्या-सातव्या दिवशी फुटलं, २० पैकी १७ आले, खोल पेरलेलं बारा दिवसांनी कसंबसं डोकं वर काढत होतं आणि ११ वर थांबलं. दोन्ही ट्रे एकाच जागी, पाणी सारखं, माती सारखी. त्यामुळे खोल पुरू नका. आणि पाणी स्प्रेने द्या, मगने ओतलं की बी वाहून एका कोपऱ्यात जमा होतं आणि तिथे गर्दीत रोपं बुडाशी कुजून आडवी पडतात, मी अशी चार-पाच गमावलीत. चार पानं आली की हलवायची, एकमेकांपासून साधारण वीत दीड वीत अंतर ठेवायचं, दाटीत लावलं तर खालची पानं पिवळी पडतात आणि हवा खेळत नाही म्हणून भुरी येते. खत फार घालू नये. मी पहिल्या वर्षी एका कुंडीत हौसेने जास्त घातलं तर झाड कमरेपर्यंत गेलं, नुसतं पान, फुलं इतरांपेक्षा दोन आठवडे उशिरा. भिंतीलगतच्या भिकार मातीत गुडघ्याएवढीच झाली पण फुलांनी लगडली होती.

पेरल्यापासून साधारण दोन महिन्यांनी पहिलं फूल आलं. इथून पुढे मी रोज ऑफिसला जायच्या आधी अर्धा तास गॅलरीत बसायचे, म्हणजे आधी पाच मिनिटं ठरवून बसायचे आणि अर्धा तास जायचा.

एकेरीचं एवढं का सांगतेय ते आता. माझ्याकडे दुसऱ्या एका कंपनीचं पाकीटही होतं, नाव लिहीत नाही, त्यावर गुलाबासारखा दिसणारा डबल तेरडा होता. तोही लावला, चार कुंड्या हा आणि चार कुंड्या तो, शेजारी शेजारी, एकाच कठड्याला. डबलचं फूल घरात येणाऱ्या प्रत्येकाला जास्त आवडलं, फोटोही त्याचेच काढले सगळ्यांनी. पण साडेसातला बसून मोजलं तर अर्ध्या तासात एकेरीच्या चार कुंड्यांवर चौदा-पंधरा वेळा माश्या आल्या आणि डबलवर दोन, त्याही वरच्यावर घोटाळून निघून गेल्या. एक दिवस नाही, आठवडाभर मोजलं, आकडे थोडे इकडेतिकडे पण फरक तोच. कारण फूल हातात घेऊन बघितलं की कळतं. एकेरी फुलात वर एक पाकळी असते, दोन्ही बाजूंना जोडीजोडीने चिकटलेल्या पाकळ्या, त्यांचा एक छान ओटा होतो जिथे माशी उतरते, आणि मागे होडीसारखा भाग असतो तो निमुळता होत जाऊन त्याची बारीक वाकडी शेपटी होते. मध त्या शेपटीत. म्हणजे दार उघडं, ओटा समोर, माल मागच्या खोलीत. डबल फुलात बरेचदा पुंकेसरांच्याच पाकळ्या झालेल्या असतात, पराग कमी होतो आणि त्या गर्दीत आत शिरायची वाटही सापडत नाही. डबल तेरडा सुंदर आहे यात वादच नाही, पण माश्यांच्या दृष्टीने ते बंद घर आहे, आणि दुकानात दहा पाकिटांत आठ तीच असतात.

माशी आत शिरते तेव्हा काय होतं ते बघण्यासारखं आहे. फुलाच्या तोंडाशी छताला पुंकेसरांची एक जोडून झालेली टोपी असते आणि तिच्याखाली स्त्रीकेसर झाकलेला असतो. माशी आत जाते तेव्हा तिची पाठ त्या टोपीला घासते आणि बाहेर येते तेव्हा पाठीवर फिकट पुडीचा पट्टा. काही वेळाने टोपी गळून पडते, मग स्त्रीकेसर मोकळा होतो आणि आता जी माशी येईल तिच्या पाठीवरचा पराग तो उचलून घेतो. म्हणजे तेच फूल आधी नर, नंतर मादी. जागा तीच, काम बदललं. मी दहा फुलांच्या देठांना दोरा बांधून ठेवला होता, कुठलं कधी उमललं ते वहीत लिहून, तर बहुतेकांची आधी टोपी पडली आणि मग तिसऱ्या-चौथ्या दिवशी पाकळ्या गळल्या. "तेरड्याचा रंग तीन दिवस" असं आपण चंचल माणसाला टोमणा म्हणून वापरतो, पण त्या तीन दिवसांत ते फूल केवढं काम उरकतं, आणि झाडाचं म्हणाल तर वरच्या पानांच्या बेचक्यांत नवीन कळ्या येतच राहतात, माझी झाडं अडीच महिने फुलत होती.

कोण कोण आलं तर सातेरी मधमाश्या सगळ्यात जास्त, त्या अख्ख्या आत शिरतात, फक्त मागचं टोक बाहेर दिसतं. पण माझी सगळ्यात लाडकी ती निळ्या पट्ट्यांची माशी, शास्त्रीय नाव अमेजिला. पोटावर चमकदार निळे पट्टे, आवाज एकदम वरच्या पट्टीतला, फुलासमोर क्षणभर हवेत थांबते, लांब जीभ आधीच बाहेर काढलेली असते आणि सूं करून आत. ही पोळं करणारी नाही, एकटी राहणारी, मादी मऊ मातीत किंवा मातीच्या भिंतीत बीळ करून अंडी घालते. संध्याकाळी मी पाणी घालायला गेले तर तीन-चार माश्या एका वाळक्या काडीला जबड्याने घट्ट चावून ओळीने लटकून झोपलेल्या, हलवलं तरी सोडेनात, नंतर वाचलं तर या जातीचे नर असेच झोपतात. तेव्हापासून त्या कुंडीतल्या वाळक्या काड्या मी काढत नाही आणि एका कोपऱ्यात थोडी माती उघडी, न खणलेली ठेवते.

लांब सोंडेची छोटी तपकिरी फुलपाखरं आली, आणि दोनदा तो हॉकमॉथ नावाचा पतंग आला जो दिवसाढवळ्या पक्ष्यासारखा पंख फडफडत हवेतल्या हवेत मध पितो. रंगाचं एक लक्षात आलं, जांभळ्या-गुलाबी झाडांवर मधमाश्या जास्त, भडक लालवर कमी. मधमाशीला लाल रंग आपल्यासारखा दिसत नाही त्यामुळे ते साहजिकच. त्यामुळे मिक्स रंगाचं पाकीट घेतलंत तर लाल झाडावर माश्या कमी म्हणून बियाण्याला दोष देऊ नका. मला स्वतःला मात्र फक्त जांभळ्याचं वेगळं पाकीट मिळालं तर आवडेल, कंपनीने काढावं.

काही फुलांच्या शेपटीला मागून बारीक भोक पडलेलं दिसलं. ती मधाची चोरी. ज्यांना पुढच्या दाराने शेपटीपर्यंत पोचता येत नाही ते मागून कुरतडून मध पितात, परागाला हातही लागत नाही. पहिल्यांदा मला रोग वाटला होता म्हणून सांगते, काही करायची गरज नाही.

त्रास काय काय झाला तेही लिहायला हवं. पाणी. याचं खोड म्हणजे जवळजवळ पाण्याची नळीच, पावसाने चार दिवस ओढ दिली आणि दुपारचं ऊन लागलं की अख्खं झाड मान टाकतं, बघून वाटतं मेलंच. पाणी दिलं की तासा-दोन तासात परत उभं, पण रोज रोज असं झालं की कळ्या गळतात. दक्षिणेच्या कडक उन्हातल्या दोन कुंड्यांना मला दिवसातून दोनदा पाणी घालावं लागलं, भिंतीजवळच्या अर्ध्या सावलीतल्या पट्टीला दोन दिवसांनी एकदा पुरायचं. तिथे पालापाचोळ्याचा थर दिला होता त्याचाही उपयोग झाला. उलट तळाला भोक नसलेल्या कुंडीत पाणी साचून एक झाड बुडाशी काळं पडून गेलं. ओल पाहिजे, डबकं नको.

आणि अळ्या. सप्टेंबरात एका रात्रीत एका झाडाची अर्धी पानं गायब. बघितलं तर काळी अळी, अंगावर दोन्ही बाजूंनी पिवळ्या-केशरी डोळ्यांसारख्या ठिपक्यांची रांग आणि मागे एक काटा, चालताना तो पुढेमागे हलतो. हॉकमॉथचीच एक जात, थेरेट्रा ओल्डनलँडी, तेरडा हे तिच्या अळीचं खाद्य आहे. घरातून लगेच "औषध मार" असा सल्ला आला. मी मारलं नाही. चार अळ्या होत्या, त्यांना सगळ्यात मागच्या कुंडीतल्या एका झाडावर सोडलं आणि ते झाड त्यांना दिलं. आठवड्याभरात त्या मातीत उतरल्या आणि त्या झाडाला खालून नवीन फूट आली. ज्यांना फुलपाखरं-पतंग हवेत त्यांनी एक-दोन झाडं जास्तीची लावावीत, म्हणजे असा प्रसंग आला की मन घट्ट करावं लागत नाही.

अर्धा स्टार इथेच कापलाय. पाकिटातल्या कागदावर छापलंय की दर आठवड्याला कीटकनाशक फवारा. मुखपृष्ठावर मधमाशीचा फोटो, खाली "परागीभवन करणाऱ्या कीटकांसाठी" आणि आत हा सल्ला. मला खरंच वाईट वाटलं कारण नवीन माणूस, ज्याने पहिल्यांदाच हौसेने पाकीट घेतलंय, तो कागद वाचूनच सगळं करणार, आणि मग फुलं उमललेली असताना फवारणार. मी कस्टमर केअरला मेल केला, खोलीचं आणि फवारणीचं दोन्ही लिहिलं, नम्र उत्तर आलं की नोंद घेतली. दुसऱ्या वर्षीच्या पाकिटात खोलीचं वाक्य बदललंय, आता "बी मातीने हलकेच झाका" असं आहे, फवारणीचं वाक्य तसंच आहे. ते काढलं तर मी स्वतः येऊन पाच स्टार करेन. तोवर जे घेतील त्यांना सांगते, तेवढी ओळ सोडून द्या. मावा आला तर पाण्याचा जोरदार फवारा पुरतो, माझ्या दोन्ही वर्षांत त्यापलीकडे काही लागलं नाही.

दुसऱ्या वर्षी पाकीट घ्यायची तशी गरजच नव्हती, कारण पहिल्या वर्षीचं बी इतकं पडलं होतं की पहिला पाऊस झाल्यावर कुंड्यांमध्ये, कुंड्यांच्या खाली, फरशीच्या फटीत, सगळीकडे दोन-दोन पानं. बोंड लवदार असतं, फुगीर, पिकायला आलं की हिरवा रंग फिका पिवळट होतो, तेव्हा नुसता स्पर्श झाला की त्याच्या पाच फाका गुंडाळल्या जातात आणि बी उडतं. बी जमवायचं असेल तर बोंडावर आधी कागदी पाकीट धरायचं आणि मग बाहेरून दाबायचं, उघड्या हाताने गेलात तर हातात फक्त साल राहते. बी दोन-तीन दिवस सावलीत वाळवून कागदातच ठेवायचं, प्लास्टिकमध्ये ओल धरून माझं एक वेळचं बुरसलं. फक्त एक, डबल आणि एकेरी शेजारी लावले असतील तर माश्या एकाचा पराग दुसऱ्याकडे नेऊ शकतात आणि घरच्या बियाचा भरवसा राहत नाही, माझ्याकडे त्या बियांतून काही अर्धवट डबल निघाले. म्हणूनच मी दुसऱ्या वर्षी पट्टीसाठी नवीन पाकीट घेतलं आणि डबल लावणं बंद केलं.

हे पडून उगवणं आपल्याकडे चांगलं, कारण झाड इथलं आहे, त्याला खाणारे इथे आहेत, एका पावसाळ्याचं आयुष्य आहे. पण परदेशात राहणारे नातेवाईक "आम्हालाही पाठव" म्हणाले तर पाठवू नका. याच कुळातला हिमालयातला तेरडा, इम्पेशन्स ग्लँड्युलिफेरा, १८३९ मध्ये शोभेसाठी इंग्लंडला नेला आणि आज तिथल्या नदीकाठांवर तो इतका माजलाय की उपटायला मोहिमा काढतात, एक झाड ८०० पर्यंत बिया करतं आणि त्या ७ मीटरपर्यंत उडतात. २०१७ मध्ये युरोपियन युनियनने त्याला घातक परक्या जातींच्या यादीत टाकलं. आपला बाल्समिनाही पॅसिफिकमधल्या काही बेटांवर असाच पसरलाय. त्यांना म्हणावं तुमच्याकडचं रानफूल शोधा आणि ते लावा.

भाजीच्या वेलाचं विचाराल तर दुसऱ्या वर्षी ब्रश हातात घेतला नाही. नुसत्या तेरड्यामुळे झालं असं मी छातीठोक म्हणणार नाही, पाऊसही बरा होता, पण तेरड्यावर आलेली माशी दोन फूट पलीकडच्या वेलावर जाते हे मी डोळ्यांनी बघितलंय. या वर्षी पट्टी अजून चार हात वाढवतेय, बी घरचंच वापरणार, आणि पाकीट एकच मागवलंय, शेजारच्या काकूंनी कठड्यावरून वाकून विचारलं की हे कुठलं फूल, इतक्या माश्या कशा, त्यांच्यासाठी.